रंगाला आकडा केव्हा मिळाला? चांद्याच्या सुतापासून निळ्या एलईडीपर्यंत

#थ्रेड

१/
चिमूर म्हटले की इतिहासप्रेमींना १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने, रस्त्यावर उतरलेले गाव आणि त्यानंतरचे दमन यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा थ्रेड त्याच परिसराच्या एका वेगळ्या इतिहासाविषयी आहे. कापड रंगवताना ‘रंग जमला’ हे ठरवतो कोण? रंगाऱ्याचा डोळा, गिरणीतले यंत्र, की आज काही शे रुपयांत मिळणारा प्रकाश मोजणारा सुटा भाग? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्यात मजुरी आहे, प्रतिष्ठा आहे आणि पिढ्यांचे न लिहिलेले ज्ञानही आहे.

२/
आधी भूगोल. चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडची आरमोरी ही सारी गावे जुन्या चांदा जिल्ह्यातली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि आरमोरी तिकडे गेली. या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे कोसे पोसले जातात. त्या कोशाच्या धाग्याला सगळे ‘कोसा’च म्हणतात. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली विदर्भाची करवतकाठी साडी याच धाग्यावर उभी आहे. चिमूरला लागून असलेल्या नागभीडमध्ये कोसा विणण्याची परंपरा जुनी आहे.

३/
आता सुताची एक नोंद पाहू. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या प्रदर्शनात मांडलेल्या चांद्याच्या हातसुताचा उल्लेख त्यात येतो. ते सूत इतके तलम होते की एक पौंड सूत ताणून पसरले असते, तर ते ११७ मैल पोचले असते.

४/
हा आकडा आपण स्वतः तपासून पाहू शकतो. इंग्रजी पद्धतीत सुताचा ‘नंबर’ म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. ११७ मैल म्हणजे २,०५,९२० यार्ड. त्याला ८४० ने भागले की उत्तर येते साधारण २४५. जाड खादीचे सूत दहा-वीस नंबरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे चांद्याच्या त्या बोटांचे कौशल्य कळते.

५/
येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. सुताची तलमता आकड्यात सांगता येत होती, कारण लांबी आणि वजन मोजायला गज आणि तराजू पुरेसे होते. म्हणूनच ती बोटे गेली, ते सूत गेले, तरी आकडा उरला आणि दीडशे वर्षांनंतर आपल्याला त्याची पडताळणी करता येते. त्याच काळात त्याच प्रदेशात रंगलेल्या लाल काठाचा ‘लाल’ नेमका कसा होता? त्याची अशी एका आकड्यात मावणारी नोंद नाही. रंगाला तेव्हा आकडाच नव्हता.

६/
रंगवणारे होते, आणि त्यांच्यात कामाची वाटणीही होती. रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथात रंगारी, छिपा, भावसार, निराळी आणि नीलगर ही नावे एकाच प्रकरणात येतात. यांपैकी निराळी आणि नीलगर यांची ओळखच निळीवरून झालेली. रंगाच्या एका द्रव्यावरून जातीचे नाव पडावे, याचा अर्थ ते काम इतरांना सहज जमणारे नव्हते. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आणि सासूकडून सुनेकडे हात-डोळ्यांनी गेले. कागदावर ते फारसे आले नाही.

७/
लाल रंगासाठी विदर्भात ‘आल’ नावाच्या झुडपाची मुळे वापरत. पीक तीन-चार वर्षे जमिनीत राहू द्यायचे, मग मुळे खणायची. बारीक मुळांत रंग अधिक, म्हणून त्यांना भाव अधिक. सूत आधी तेल आणि क्षारात मुरवायचे, मग हिरडा आणि तुरटी द्यायची, नंतर आलीच्या पाण्यात सावकाश तापवायचे. आच वाढली की रंग बिघडे, तुरटी कमी पडली की तो फिका उतरे. थांबायचे केव्हा? पाण्याचा रंग आणि लडीचा रंग पाहून. घड्याळ नाही, तापमापक नाही.

८/
निळीचे काम आणखी अवघड. नीळ पाण्यात विरघळत नाही. पिंपात आंबवून तिचे रूप बदलावे लागते, तेव्हा पाणी पिवळट-हिरवे होते. सूत त्यात बुडवून बाहेर काढले की हवा लागून डोळ्यांदेखत निळे होते. पिंप ‘तयार’ आहे की नाही हे रंगारी वासावरून, वर येणाऱ्या फेसावरून आणि त्या पिवळट-हिरव्या छटेवरून ओळखी. याला ‘अंदाज’ म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. डोळा तेथे खरोखर मोजमाप करीत होता. त्या मोजमापाची नोंद तेवढी होत नव्हती.

९/
डोळ्याच्या मर्यादाही होत्याच. दोन लडी शेजारी ठेवल्या तर बारीक फरकही डोळा टिपतो, पण काल पाहिलेला लाल आज आठवून सांगताना तो फसतो. सकाळच्या उजेडात जुळलेली छटा दिव्याखाली वेगळी दिसते. ओले सूत गडद भासते, वाळले की उजळते. म्हणून जगभरच्या रंगाऱ्यांचा उपाय एकच असे: जुन्या खेपेतला सुताचा तुकडा जपून ठेवायचा आणि नवी लड दिवसाच्या उजेडात त्याच्याशी ताडून पाहायची. तो तुकडा हीच वही. पण वहीसुद्धा काळाबरोबर विटते.

१०/
मग रसायनशास्त्र आले. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किनला डांबरापासून जांभळा रंग मिळाला. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान यांनी मंजिष्ठेच्या कुळातले लाल रंगद्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत घडवले. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. आलीची शेती या लाटेत मोडली. शेतकऱ्याने तीन-चार वर्षे जमीन अडकवून मुळे वाढवायची, आणि तोच लाल डब्यातून काही मिनिटांत मिळायचा. ही स्पर्धा बरोबरीची नव्हतीच.

११/
स्वस्ताईइतकेच दुसरेही एक कारण होते. डब्यातल्या पुडीची ताकद दर वेळी जवळजवळ सारखी असे. मुळांचे तसे नव्हते: जमीन, पाऊस, मुळांचे वय, सगळ्यांवर रंग अवलंबून. जो माल दर वेळी सारखा, त्याची कृती लिहून ठेवता येते: इतक्या शेर सुताला इतके तोळे रंग. कृती लिहिता आली की ती रंगाऱ्याच्या घराबाहेर जाते. रंगाला आकडा मिळण्याची सुरुवात येथून झाली, आणि रंगाऱ्याच्या हातातून निर्णय निसटण्याचीही.

१२/
१ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापडाच्या गिरणीला एका साडीचा रंग जमून भागत नाही. हजारो वार कापड एकाच छटेचे हवे, आणि पुढच्या महिन्याचे मागच्या महिन्याशी जुळायला हवे. कसबी डोळा एका हंड्यावर नजर ठेवू शकतो, पन्नास हंड्यांवर नाही. मोजमापाची गरज जितकी विज्ञानातून आली, तितकीच गिरणीच्या आकारातूनही आली.

१३/
कोशाची कथा थोडी निराळी आहे. टसरचा धागा मुळातच मधाच्या किंवा बदामी रंगाचा असतो आणि त्यावर रंग सहज चढत नाही. इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डलने या धाग्यावर अनेक वर्षे प्रयोग केले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने रंगवलेले टसर मांडले. कवी-कारागीर विल्यम मॉरिस रंगकाम शिकायला त्याच्याकडेच गेला होता. वॉर्डलने हिंदुस्थानी रंगद्रव्यांचे असंख्य नमुने रेशमावर उतरवून जतन केले. पण त्याचीही नोंद अखेर रंगवलेल्या तुकड्यांचीच होती. आकडा अजून दूर होता.

१४/
खरे तर त्या आकड्यामागचे गणित तयार होते. १७२९ मध्ये फ्रान्सच्या पिएर बूगेने आणि १७६० मध्ये योहान लॅम्बर्टने दाखवले की पारदर्शक पदार्थाची जाडी वाढेल तसा त्यातून पार होणारा प्रकाश ठरावीक प्रमाणात घटत जातो. १८५२ मध्ये ऑगस्ट बेअरने हाच विचार द्रावणाला लावला: पाण्यात रंग जितका अधिक, तितका प्रकाश अधिक शोषला जातो. या नियमाला आज बेअर-लॅम्बर्ट नियम म्हणतात. रंगाच्या हंड्यासाठी तो फार उपयोगी आहे. कसा, ते पाहू.

१५/
समजा, रंगाच्या पाण्यातून सुरुवातीला फक्त १० टक्के प्रकाश पार होतो. हळूहळू रंग सुतावर चढतो आणि पाणी निवळते. निम्मा रंग चढला तेव्हा किती प्रकाश पार होईल? सहज उत्तर येते ५५ टक्के. प्रत्यक्षात तो असतो सुमारे ३२ टक्के. पाऊण रंग चढला की ५६ टक्के आणि नव्वद टक्के रंग चढला की ७९ टक्के. म्हणजे ‘पाणी निम्मे निवळले’ असे वाटते, तोवर पाऊण रंग सुतावर गेलेला असतो. नुसत्या डोळ्याला हा हिशेब जमणे कठीण, पण प्रकाश मोजून लॉगॅरिदम घेतला की तो सरळ रेषेत येतो.

१६/
तरीही पहिली सोपी रंगमापके कापडातून आली नाहीत. जोसेफ लोव्हिबाँड हा सॉल्सबरीचा बिअर बनवणारा. आपल्या मालाचा रंग दर वेळी सारखा राहावा म्हणून त्याने लाल, पिवळ्या आणि निळ्या काचांच्या क्रमांक दिलेल्या पट्ट्या तयार केल्या आणि १८८५ मध्ये ‘टिंटोमीटर’ची कंपनी काढली. काचा जुळवायच्या आणि क्रमांक लिहायचा. रंगाला आकडा मिळाला. जुळणी मात्र अजून डोळाच करीत होता.

१७/
पुढचे पाऊल १९३१ चे. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. सर्वसाधारण माणसाचा डोळा कोणत्या प्रकाशाला किती प्रतिसाद देतो याचे ते गणिती कोष्टक. त्यासाठी वापरलेले प्रयोग इंग्लंडमध्ये विल्यम राइट आणि जॉन गिल्ड यांनी केले होते. एकाने १० जणांवर, दुसऱ्याने ७ जणांवर. या १७ जोडी डोळ्यांवरून बेतलेला ‘डोळा’ आजही जगभरच्या रंगमापनाच्या पायाशी आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निळीचे पिंप जोखले, त्यांच्यापैकी कोणी त्या १७ जणांत नव्हते.

१८/
१९३० च्या दशकात अमेरिकेत आर्थर हार्डीच्या आराखड्यावरचे आपोआप आलेख काढणारे स्पेक्ट्रोफोटोमीटर आले. भारतात वस्त्रोद्योग-संशोधनाच्या संस्था उभ्या राहिल्या: १९४७ मध्ये अहमदाबादची अटिरा, १९५४ मध्ये मुंबईची बीट्रा. ही यंत्रे महाग आणि नाजूक, तेव्हा ती प्रयोगशाळांत आणि मोठ्या गिरण्यांत राहिली. हातमागाच्या गावांत रंगाचा निर्णय डोळ्याकडेच राहिला. परिणामी एक विषमता तयार झाली. गिरणी आपला माल आकड्याने सिद्ध करू शके. विणकराकडे व्यापाऱ्याच्या ‘छटा जुळत नाही’ या शब्दाला उत्तर नव्हते.

१९/
कोशाच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. कोसे जंगलातल्या झाडांवर वाढतात, त्यामुळे त्यांचा मूळ रंग खेपेगणिक बदलतो. एकच रंग, तेवढेच पाणी, तोच वेळ असूनही दोन लडी दोन छटांच्या निघू शकतात. ताण्याची लड एका खेपेतली आणि बाण्याची दुसऱ्या खेपेतली असेल, तर साडीत पट्टे दिसतात. दोष कोशाचा असो वा कृतीचा, नुकसान पडते ते माग चालवणाऱ्या घरावर.

२०/
येथे आजचे स्वस्त तंत्र कामाला येते. मुख्य भाग दोनच: प्रकाश देणारा एलईडी आणि तो मोजणारा फोटोडायोड. नियम साधा आहे. ज्या रंगाचे द्रावण मोजायचे, त्याच्या पूरक रंगाचा प्रकाश हवा. निळ्यासाठी नारिंगी, लालसाठी हिरवा, पिवळ्यासाठी निळा. चिमूरच्या रानात फुलणाऱ्या पळसाचा पिवळा-केशरी रंग मोजायचा तर निळा प्रकाश लागतो. आणि प्रखर निळा एलईडी जगाला मिळाला १९९३ मध्ये, जपानच्या शुजी नाकामुरा यांच्या कामातून. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल निळ्या एलईडीसाठी त्यांना आणि आकासाकी व आमानो यांना मिळाले.

२१/
बांधणी अशी: हंड्यातले थोडे पाणी पातळ नळीतून एका काळ्या डबीत फिरवायचे. डबीत काचेच्या एका बाजूला एलईडी, समोर फोटोडायोड, बाहेरचा उजेड पूर्ण बंद. आधी साध्या पाण्यावर शंभर टक्के ठरवायचे, मग दर मिनिटाला आकडा घ्यायचा. रंग चढत असतो तोवर आकडा हलतो. हलायचा थांबला की रंग चढणे संपले. आता आणखी तासभर चूल पेटती ठेवण्यात फक्त लाकूड जळते. आकडा फार भराभर हलला तर रंग डागाळत चढण्याचा धोका असतो, तेव्हा आच कमी करावी.

२२/
अडचणी खऱ्या आहेत. मुळे-फुले उकळलेले पाणी गढूळ असते. गाळ प्रकाश अडवतो आणि यंत्राला तो रंगच वाटतो. यावर उपाय म्हणजे दुसरा, अवरक्त एलईडी: हा प्रकाश बहुतेक रंगद्रव्ये शोषत नाहीत, त्यामुळे त्याची घट दिसली तर ती गाळामुळे झाली असे धरून अंदाजे वजावट करता येते. बुडबुड्यांनी आकडा उडतो. तापमानाने एलईडीचा प्रकाश बदलतो. फार गडद पाण्यातून प्रकाशच पार होत नाही, मग ते मोजून पातळ करावे लागते किंवा डबीची रुंदी कमी करावी लागते. नैसर्गिक रंगात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून एकच आकडा सगळे सांगत नाही.

२३/
शिवाय हे सारे मोजमाप पाण्याचे झाले. सुतावर प्रत्यक्ष काय उतरले, ते परावर्तित प्रकाशावरून पाहावे लागते. टीसीएस३२०० यासारख्या छोट्या रंग-संवेदकावर ६४ फोटोडायोड असतात: १६ लाल, १६ हिरव्या आणि १६ निळ्या गाळणीखाली, उरलेले १६ गाळणीविना. वाळलेली लड, ठरलेला दिवा आणि ठरलेले अंतर असेल, तर तो दोन खेपांतला फरक दाखवतो. प्रयोगशाळेतल्या महाग यंत्राची बरोबरी तो करीत नाही. पण ‘मागच्या खेपेपेक्षा ही लड फिकी आहे का’, एवढ्या प्रश्नाला तो कामापुरते उत्तर देतो, आणि विणकराचा प्रश्न बहुधा तेवढाच असतो.

२४/
पाण्याचाही विचार करावा. रंगकामात सुतावर न चढलेला रंग सांडपाण्यात जातो. हंड्यात किती रंग उरला हे कळले, तर तेच पाणी फिक्या छटेच्या पुढच्या खेपेला वापरता येते आणि नाल्यात जाणारा रंग कमी होतो. उमा आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गावांसाठी ही बाब छोटी नाही. येथे नदी हीच शेती, मासे आणि पिण्याचे पाणी.

२५/
तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक शंका विचारलीच पाहिजे: मोजमाप कोणाच्या हातात? सुताचा ‘नंबर’ हे चांद्याच्या कौशल्याचे प्रमाणपत्र ठरले, पण नंबर ठरवून कमी दर देण्याचे साधनही तोच होऊ शकतो. रंगाचा आकडा फक्त माल घेणाऱ्याकडे असेल, तर खेप नाकारायला एक नवे कारण तेवढे मिळेल. तोच आकडा रंगाऱ्याच्या वहीत असेल, तर दराची बोलणी करताना त्याच्याकडे पुरावा असेल. यंत्र दोन्हीकडे एकच. न्याय कोणाला मिळतो, ते वही कोणाकडे आहे यावर ठरते.

२६/
हा विचार विदर्भाला नवा नाही. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक होते. गावातल्या उद्योगाला शास्त्राची जोड हवी, पण ते शास्त्र गावाच्या आवाक्यातले आणि गावाच्या ताब्यातले हवे, ही त्या कामामागची भूमिका होती. तेव्हा तेलघाणी, हातकागद, गूळ, मध यांवर प्रयोग झाले. प्रकाशाने रंग मोजणारे साधन मात्र त्या काळी गावाच्या खिशाला परवडणारे नव्हते. आज ते आवाक्यात आले आहे.

२७/
शेवटी एक विनंती. नागभीड, आरमोरी, चिमूर या भागांत तुमचे आजोळ असेल, घरात जुनी करवतकाठी असेल किंवा रंगकाम केलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याशी बोला. पिंप तयार झाले हे ते कशावरून ओळखत, हिरडा किती घालत, थांबत केव्हा, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. यंत्राचा आकडा ‘रंग चढायचा थांबला’ एवढेच सांगेल. त्या क्षणी काय करायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे म्हणणे नोंदले गेले नाही, तर आकड्याला अर्थ लावणारे कोणी उरणार नाही. चांद्याच्या सुताचा आकडा आपल्यापर्यंत पोचला, कातणाऱ्या बाईचे नाव पोचले नाही. रंगाच्या बाबतीत दोन्ही नोंदवायची संधी अजून आहे.

(समाप्त)